ब्रुअरीचं वीज ऑडिट: पॉवर फॅक्टरला फसू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तयार झालेला माणूस ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, आला की आधी पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेलच उघडतो. सवयच तशी, आणि फसगतही तिथंच. पॉवर फॅक्टर म्हणजे खरोखर कामाला लागणारे किलोवॅट भागिले ग्रिडकडून ओढलेले केव्हीए. 100 किलोवॅटचा भार 0.85 पॉवर फॅक्टरला सुमारे 118 केव्हीए ओढतो, 0.99 ला 101. मोटार दोन्ही वेळा 100 किलोवॅटच खाते. डिमांड चार्ज, म्हणजे केव्हीएवर लागणारा आकार, उतरतो, मालक खूश होतो, पण केबलमधला थोडा ऱ्हास सोडला तर युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, तेवढेच राहतात. पलीकडे महाराष्ट्रात उच्चदाबाचं बिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए-तासांवर, येतं आणि पॉवर फॅक्टर सुधारला की तो आकडा उतरतो. कोल्हापूरकडची बिलं हाताळलेल्याला म्हणूनच वापर घटल्याचा भास होतो. कार्बन मोजायचा तो किलोवॅट-तासावर, ग्रिडच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो. केव्हीएएचला 0.7 नं गुणलंत तर आकडा खोटाच. दोन्ही रीडिंग वेगळी लिहा आणि युनिट प्रति हेक्टोलिटर (100 लिटर) बिअर काढा. बाकी 'वीज बचत डबी' विकणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा.

खरी वीज जाते थंडी तयार करणाऱ्या अमोनिया प्लांटमध्ये. लागर बिअरचं फर्मेंटेशन (आंबवणं) 10-12 अंशांवर चालतं, -1 च्या आसपासची थंडी लागते ती मॅच्युरेशनला (मुरवायला). तरी सगळ्यांसाठी टाक्या थंड करणारं ग्लायकॉल -5 वर ठेवलेलं असतं. सक्शनचं तापमान (अमोनिया ज्या तापमानाला उकळतो ते) एक अंश वर आलं की कंप्रेसरची दोन-तीन टक्के वीज वाचते. पण ब्रुअरला विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका, बॅच बिघडली तर तुमचं पुढं कोण ऐकणार?

अमोनिया वायूचं द्रव करणाऱ्या कंडेन्सरमधून निघणारं द्रव 35 अंशांवर असेल तर गेज साधारण 12.5 बार दाखवायला हवा. 14 दाखवत असेल तर बहुधा आत हवा शिरली आहे. ती काढायचं काम प्रशिक्षित ऑपरेटरचं, तुम्ही व्हॉल्व्हजवळही जायचं नाही. मात्र रात्रपाळीच्या ऑपरेटर अण्णांशी बोला. कुठला कंप्रेसर उगाच अर्ध्या लोडवर फिरतो, हे सल्लागाराच्या स्लाइडपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

कॉम्प्रेस्ड एअरला घाबरू नका, चाचणी सोपी आहे. उत्पादन बंद असताना हवेचा कंप्रेसर दीड मिनिट लोडवर (हवा दाबत) आणि साडेतीन मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत) राहिला, तर दीड भागिले पाच, म्हणजे 30 टक्के क्षमता गळतीतच जाते. साबणाचं पाणी घेऊन फिलरच्या (बिअर भरणाऱ्या यंत्राच्या) नळ्या, जुने कपलिंग आणि ड्रेन तपासा. गळती थांबल्यावरच दाब 7 वरून 6 बारवर आणा, त्यात आणखी सहा-सात टक्के सुटतात. क्रम उलटा केलात तर फिलर अडतो आणि शिफ्टवाला दाब परत 7 वर नेऊन ठेवतो.