माशांच्या टाकीतल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड द्यायचाय? खरेदीआधीची तयारी

हा गॅस देण्यासाठी सिलिंडर घ्यावा, सायट्रिक ॲसिडचं किट घ्यावं की यीस्टची बाटली लावावी, हे दुकानाच्या काउंटरवर ठरवू नका. घरी, टाकीसमोर बसून ठरवा. झाडांना गॅस किती मिळतो यापेक्षा तो रोज एकसारखा मिळतो का, हे जास्त महत्त्वाचं आहे. आज भरपूर आणि परवा काहीच नाही, असं चाललं की झाडांची वाढ अडते आणि पानांच्या कडेला काळं केसाळ शेवाळ चढतं. म्हणून उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये आणि घरी कुणी नसतानाही जी पद्धत नीट चालेल, तीच घ्यायची.

सुरुवात टेपने करा. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची दोन फुटी टाकी कागदावर ६५ लिटर भरते. माती-दगड धरले तर पाणी पन्नास-पंचावन्न लिटरच राहतं. मग झाडांची यादी लिहा. त्यात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन एवढंच असेल तर गॅसचा खर्च करूच नका. दिवा सहा-सात तास ठेवा, झाडं सावकाश पण छान वाढतात. आपल्या पश्चिम घाटातली क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस याच गटात बसते. खाली हिरवा गालिचा हवा असेल किंवा लाल रोटाला मॅक्रँड्रा लावायची असेल, आणि वर जोरदार दिवा असेल, तर मात्र गॅस हवाच. ‘लिक्विड कार्बन’ची बाटली या निवडीत धरू नका. त्यात बहुतेक वेळा ग्लुटारअल्डिहाइड असतं, म्हणजे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. शेवाळावर ते चालतं, पण व्हॅलिसनेरियासारखं झाड त्याने वितळतं आणि गॅसची जागा ते घेत नाही.

आता पाणी. केएचचं (पाण्यातल्या कार्बोनेटच्या प्रमाणाचं) टेस्ट किट आणून नळाचं किंवा बोअरचं, जे वापरणार ते पाणी तपासा. केएच ४ असेल आणि गॅस चालू असताना पीएच ६.६ आला, तर पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. आपल्याला तेवढाच लागतो. दगडांवर लिंबाचा रस टाकून बघा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाने काही बिघडत नाही, पण त्यातल्या पांढऱ्या गाठी कधी कधी कॅल्साइटच्या असतात. रस टाकल्यावर फेस आला तर तो दगड केएच वाढवत राहणार आणि तुमचा हिशेब चुकत राहणार. तो बाहेरच ठेवा.

यीस्टची पद्धत, म्हणजे बाटलीत साखरेचं पाणी यीस्टने आंबवून गॅस काढणं, स्वस्त आहे, पण मी ती तीस-चाळीस लिटरच्या वर सुचवत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात साखरेचं पाणी पहिल्या काही दिवसांतच जोरात गॅस सोडतं आणि मग ढेपाळतं. रात्री ते बंदही करता येत नाही. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यात वीज जाऊन फिल्टर थांबला आणि बाटली मात्र चालूच राहिली, तर सकाळपर्यंत मासे गुदमरतात. तरीही लावणार असाल तर मध्ये एक रिकामी बाटली आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हवाच, नाहीतर फेसाळ पाणी टाकीत येतं.

मधल्या आकाराच्या टाकीसाठी सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा ही जोडी मला आवडते. सोडा म्हणजे खाण्याचाच. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर अजिबात नको. २०० ग्रॅम सोड्यातून, ॲसिड पुरेसं असेल तर, सुमारे १०५ ग्रॅम गॅस निघतो. किट घेताना प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि नीडल व्हॉल्व्ह (गॅस बारीक कमी-जास्त करणारा) आहेत ना, ते बघा. बाटल्या फक्त सॉफ्ट ड्रिंकच्या घ्या. मिनरल वॉटरची बाटली पातळ असते आणि काच फुटली तर डोळ्यावर बेतते. दर काही आठवड्यांनी बाटल्या धुऊन नव्याने भराव्या लागतात. त्याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच कबूल करा.

शंभर लिटरच्या पुढे माझं मत सरळ सिलिंडरला. वरच्या हिशेबाने दोन किलोच्या सिलिंडरमध्ये २०० ग्रॅम सोड्याच्या जवळपास एकोणीस भरण्यांचा गॅस असतो. पण सिलिंडर विकत घेण्याआधी तो भरून कोण देणार, हे शोधा. अग्निशामक भरणारे, सोडा-वॉटरची मशीन चालवणारे, वेल्डिंगचा गॅस विकणारे यांना फोन करा. ‘माझाच सिलिंडर भरून देता की बदली देता?’ हे स्पष्ट विचारा, कारण बदलीत जुना, तपासणी संपलेला सिलिंडर गळ्यात पडू शकतो. मानेवर कोरलेली तपासणीची तारीख स्वतः वाचा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) दर पाच वर्षांनी लागते. देशातल्या गॅस सिलिंडरचे नियम ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) सांभाळते आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. अग्निशामकाचाच सिलिंडर वापरणार असाल तर आतली उभी नळी भरणाऱ्याकडून काढून घ्या, नाहीतर रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या भागात) द्रव गॅस शिरतो.

आत गॅस द्रवरूपात असतो, म्हणून २० अंशांना दाब ५७ बारच्या आसपास दिसतो आणि द्रव संपेपर्यंत तसाच राहतो. गेजच्या काट्यावरून शिल्लक कळत नाही, वजन करावं लागतं. ३१ अंशांच्या वर द्रव असा राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या ४४-४५ अंशांत म्हणूनच ‘थोडा जास्त भरा’ असं कधी म्हणू नका आणि सिलिंडर गॅलरीच्या उन्हात ठेवू नका. उभा ठेवा, साखळीने बांधा, गाडीतून आणताना काचा खाली करा. रेग्युलेटरचे आटे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसतात का, ते दुकानातच लावून बघा. या सांध्याचं सील वॉशरने होतं, टेफ्लॉन टेपने नाही. ड्युअल स्टेज (दोन टप्प्यांत दाब कमी करणारा) रेग्युलेटर परवडत असेल तर तोच घ्या. साधा रेग्युलेटर सिलिंडर संपत येताना एकदम जास्त गॅस सोडू शकतो. घरी आणल्यावर साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा आणि मिनिटभर थांबून बघा, बारीक बुडबुडाही सोडू नका. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून गॅस झिरपतो, पॉलीयुरेथेनची घ्या.

सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) टायमरवर लावा: दिव्याआधी एक-दोन तास चालू, दिवा जाण्याआधी तासभर बंद. वीज गेली की तो आपोआप बंद होतो, हा सिलिंडरचा मोठा फायदा. इन्व्हर्टरवर जागा एकच असेल तर ती फिल्टरला द्या.

ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणाऱ्या छोट्या कुपीत) टाकीचं पाणी न भरता ४ केएचचं तयार द्रावण भरा, तो डिफ्यूजरपासून (पाण्यात गॅसचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागापासून) लांब लावा आणि मागे पांढरा कागद धरून रंग बघा. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. रंग तास-दोन तास मागे असतो, त्यामुळे दर दहा मिनिटांनी नीडल व्हॉल्व्ह पिळू नका.

पहिला दिवस सुट्टीचा निवडा. दोन-तीन सेकंदांना एक बुडबुडा, एवढ्यावर सुरू करा आणि दिवसाला थोडंच वाढवा. एअर पंप नळी जोडून टाकीशेजारी तयार ठेवा, बादलीत बदलीचं पाणी भरून ठेवा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर आधी गॅस बंद करा, लगेच पंप चालू करा आणि एक तृतीयांश पाणी बदला.