गायन आणि व्हायोला: विद्यार्थ्यांचा एकत्र कार्यक्रम कसा बसवायचा

पाश्चात्त्य संगीत शिकणारे दोन विद्यार्थी, एक गाणारी आणि एक व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं वाद्य) वाजवणारा, तासाभराचा कार्यक्रम वाटून घेतात तेव्हा बहुतेकदा अर्धा तास गाणं होतं, अर्धा तास वादन होतं आणि शेवटी दोघांचा फोटो निघतो. हे दोन कार्यक्रम झाले, एक नव्हे. दोघं मिळून सादर करतील ती रचना सगळ्यात आधी ठरवा. बाकीचं तिच्याभोवती लावायचं.

आवाज मेझो किंवा आल्टो (स्त्रियांचा मधला किंवा खालचा आवाज) असेल तर फार शोधावं लागत नाही. जर्मन संगीतकार ब्राम्सची ओपस ९१ (रचना क्रमांक ९१) ही दोन गीतं आल्टो, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठीच लिहिलेली आहेत. ती १८८४ साली छापली गेली. पहिलं जर्मन कवी रुकर्टच्या कवितेवरचं, डी मेजर या पट्टीत. दुसरं अंगाईगीत, एफ मेजरमध्ये. दोन्ही मिळून साधारण १२ मिनिटं लागतात. टेनर (पुरुषाचा वरचा आवाज) असेल तर व्हॉन विल्यम्सची चार स्तोत्रं आहेत. फ्रँक ब्रिजची तीन गीतं मध्यम आवाजासाठी आहेत आणि इंग्रजीत असल्याने उच्चारांची अर्धी डोकेदुखी वाचते. सोप्रानोसाठी (स्त्रियांच्या सर्वांत वरच्या आवाजासाठी) ओपस ९१ वरच्या पट्टीत ओढून नेऊ नका. व्हायोलाचा भागही तितकाच वर सरकतो आणि त्याच्या खालच्या तारांचा जाड, मातकट सूर हातचा जातो. या गीतांची निम्मी मजा त्या सुरात आहे.

अडचणही तिथेच आहे. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए. म्हणजे व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली. मधल्या सी पासून वरच्या ए पर्यंतच्या पट्ट्यात मेझोचा आवाज आणि व्हायोला एकमेकांच्या अंगावर येतात. दोघांनी जोर लावला की आधी व्यंजनं जातात, मग शब्द, आणि श्रोत्यांना नुसता गोड गोंधळ ऐकू येतो. यावर उपाय म्हणून घोडीवर (तारांखालच्या लाकडी पुलावर) म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा चिमटा, चढवू नका. आवाज कमी होतो खरा, पण रंगही पुसला जातो. गज घोडीपासून थोडा दूर, बोटपट्टीच्या टोकाकडे न्या, दाब कमी करा आणि गजाची जास्त लांबी वापरा. गाणारी खालच्या सुरांवर उतरते तिथे व्हायोलाच्या कागदावर पेन्सिलीने आवाज एक पायरी कमी अशी खूण करा. गज बदलण्याची जागा शक्य तिथे तिच्या श्वासावर आणा. शब्दाच्या मधोमध गज बदलला तर तो शब्द तुटल्यासारखा वाटतो, तिने तोडलेला नसला तरी.

आता क्रम. एक चालणारा नमुना असा: सुरुवातीला गायन, काल्दाराचं ‘सेब्बेन, क्रुदेले’ आणि शूबर्टचं ‘आन दी म्युझीक’, सुमारे ७ मिनिटं. मग टेलेमानचा जी मेजरमधला व्हायोला कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) पियानोच्या साथीने, चार भाग, सुमारे १४ मिनिटं. १० मिनिटांचं मध्यंतर. नंतर बाखच्या पहिल्या चेलो सुइटमधले (नृत्यरचनांच्या मालिकेतले) प्रेल्यूड आणि साराबांद हे दोन भाग, एकट्या व्हायोलावर, म्हणजे पियानोवादकालाही दम मिळतो. त्यानंतर दोन-तीन गाणी आणि शेवटी ओपस ९१. ये-जा, टाळ्या आणि सूर जुळवणं यांसाठी प्रत्येक बदलाला दीड मिनिट धरा. हे कोणी धरत नाही आणि मग हॉलचा माणूस किल्ल्या वाजवत विंगेत उभा राहतो.

टेलेमान चालू असताना गायिका १५ मिनिटं एसीत गप्प बसते. गळा थंड होतो, आणि पुढचा पहिला सूर हमखास खाली लागतो. मध्यंतराच्या शेवटच्या चार मिनिटांत तिने ओठ मिटून गुणगुणावं आणि साधं पाणी घोटघोट प्यावं. गार पाणी नको. वादकाची बोटंही अशीच गारठतात. गरम पाण्याची बाटली हातात धरून बसणं हा स्वस्त आणि उत्तम उपाय.

उभं कसं राहायचं? पियानोचा कीबोर्ड प्रेक्षकांच्या डाव्या हाताला आला पाहिजे. गायिका पियानोच्या कमानीत (बाजूच्या आत वळलेल्या भागात) उभी राहील, व्हायोलावादक प्रेक्षकांच्या डावीकडे, पियानोवादकाजवळ, किंचित गायिकेकडे वळून. असं उभं राहिलं की वाद्याची पुढची पाटी प्रेक्षागृहाकडे येते आणि पियानोवादकाला गज दिसतो. तोच उजवीकडे उभा राहून आत वळला तर आवाज मागच्या पडद्यात जिरतो. पियानोचं झाकण आखूड दांडीवर ठेवा. स्टँड छातीच्या खाली आणि जवळजवळ आडवा हवा, नाहीतर प्रेक्षकांना गायिकेचं कपाळच दिसतं.

आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहांत ग्रँड पियानो नसतो. मग ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या आणि त्याचा स्पीकर कलाकारांच्या मागे, जमिनीलगत ठेवा. बाजूला उंचावर ठेवला तर साथ एकीकडून आणि गाणं दुसरीकडून येतं. माईक लावू नका.

सूर जुळवण्याची तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते. नव्या तारा किमान सात दिवस आधी चढवा, कारण ताणत राहिल्याने त्या उतरत राहतात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, एसीच्या कोरड्या हवेत त्याच सुटून गरगरतात. अडकत असतील तर खुंटीची पेस्ट लावा. सुटत असतील तर फिरवताना आत दाबा. हॉलवर तासभर आधी जा, एसी कार्यक्रमात असेल तेवढाच लावा आणि व्हायोलाची पेटी उघडी ठेवा. पियानो ट्यून करणाऱ्यालाही त्याच तापमानात काम करू द्या. पियानोचा ए हा सूर ४४० हर्ट्झ आहे की ४४१ हे ट्यूनर यंत्रावर पाहून चिठ्ठीवर लिहा आणि ग्रीनरूममध्ये त्यावरच जुळवा. रंगमंचावर पियानोवादकाने डी मायनरचा झंकार (कॉर्ड) द्यावा, दहा सेकंदांत खात्री करावी, एवढंच. ए तार जादा ठेवा.

तिघांच्या किमान चार तालमी हव्यात, पहिली महिनाभर आधी आणि शेवटची त्याच हॉलमध्ये. अंगाईगीताची सुरुवात व्हायोला ‘योझेफ, लीबर योझेफ माइन’ या जुन्या नाताळगीताने करतो, आणि त्या सुरांचे शब्द ब्राम्सने व्हायोलाच्या भागात छापलेले आहेत. पहिल्या तालमीत गायिकेने ती ओळ शब्दांसह गाऊन दाखवावी आणि वादकाने तिच्या श्वासावर गज उचलायला शिकावं. मधे ‘डेर हिम्मेल्सक्नाबे’पाशी सूर मायनरमध्ये जातो. तिथे सगळे नकळत लय वाढवतात, म्हणून तो भाग मेट्रोनोमवर वेगळा करा.

जर्मन उच्चारांत मराठी जिभेला दोन खड्डे आहेत. पहिल्या गीतातल्या ‘वारा’ या अर्थाच्या शब्दाची सुरुवात ‘व्ह’सारखी, दात ओठावर टेकवून होते, पण त्याच ओळीतल्या पाखरांसाठीच्या शब्दात व्ही अक्षर लिहिलेलं असून उच्चार ‘फ’ आहे. आणि ‘इश’मधला शेवटचा आवाज आपल्या ‘श’पेक्षा बारीक, जीभ ‘ई’च्या जागी ठेवून काढायचा.

एकल गाणी पाठ हवीत. ओपस ९१ कागद समोर ठेवून सादर केलं तर काही बिघडत नाही, ते तिघांचं संगीत आहे.

पत्रिकेत गीतांचा मराठी अर्थ द्या, पण एका गटाचा सगळा मजकूर एकाच पानावर बसवा, म्हणजे गाण्याच्या मधे शंभर पानं एकदम उलटली जात नाहीत. वाचता येईल इतका उजेड प्रेक्षागृहात ठेवा. टाळ्या गटाच्या शेवटी, हेही पत्रिकेत लिहा. खयालाच्या मैफलीतली मधली दाद इथे टेलेमानच्या दोन भागांच्या मधे पडते आणि वादकाची लय सुटते.

अंगाईगीत व्हायोलाच्याच ओळीवर, अगदी हळू आवाजात संपतं. शेवटच्या सुरानंतर गज तारेवरच राहू द्या, पियानोवादकाने पेडल सावकाश सोडावं, गायिकेने नजर हलवू नये. वादकाने गज खाली घेतला की तिघांनी एकदम वाकायचं. पियानोवादकानेही, उठून उभं राहून.