मेळघाटात लाळेचा नमुना कसा घ्यावा

प्राचीन स्थलांतराचा माग डीएनएतून काढू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने लाळेचा नमुना घेणे आधी नीट शिकावे, कारण गावातल्या ओसरीवर झालेली चूक पुढे प्रयोगशाळेत दुरुस्त होत नाही.

नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यावरही पहिल्या फेरीत नळ्या नेऊ नयेत. नमुन्याचे पुढे काय होणार, हे तिथल्या कोरकू भाषेत समजावून सांगणारा माणूस मात्र सोबत असावा. सोयाबीनच्या सोंगणीला लोक सपाटीवर गेलेले असतात, ते दिवस टाळावेत.

संमती मिळाली की आधी वंशावळ विचारावी: आईची आई कोणत्या गावची, वडिलांचे वडील कुठून आले. आडनावावर विसंबू नये. मी एकदा निरनिराळ्या आडनावांच्या दोन बायांचे नमुने घेतले आणि चहा पिताना कळले की त्या सख्ख्या मावसबहिणी आहेत. एक नमुना बाद करावा लागला. निवडलेल्या माणसांत तीन पिढ्यांपर्यंत जवळचे नाते नसावे.

मग खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण. तोंडात खर्रा असेल तर घाई न करता चूळ भरायला सांगावी आणि अर्धा तास काहीही खाऊ-पिऊ देऊ नये. फेस सोडून सुमारे दोन मिलिलिटर लाळ भरली की टिकवणद्रव मिसळून नळी हळूहळू उलटीसुलटी करावी. नळीवर फक्त क्रमांक घालावा; नावांची वही वेगळी ठेवावी.

एवढी काळजी घेण्याचे कारण असे की मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए आईकडून येतो आणि वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, आणि मुंडा भाषिकांत बापाकडची बरीच वंशरेषा आग्नेय आशियाकडे बोट दाखवते, तर आईकडची बहुतांशी इथलीच निघते. आजीचे गाव चुकीचे नोंदले तर ही गोष्ट गावपातळीवर वाचताच येत नाही. जुन्या हाडांचा आधारही इकडे तोकडा आहे, कारण उष्णतेने डीएनए झिजतो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून उपयोगी डीएनए मिळाला आणि ते संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

निकाल आल्यावर गावात परत जावे, तो कोरकूतूनच सांगावा, आणि त्यावरून कोणाला मूळचा किंवा उपरा ठरवू देऊ नये.