आर्केड कंट्रोलरची पेटी घरी बनवताना: आधी वरची फळी, मग बाकीचे

चार फळ्या कापून चौकट जोडणे कोणालाही जमते. आर्केड कंट्रोलर, म्हणजे जॉयस्टिक आणि मोठी बटणे बसवलेली व्हिडिओ गेम खेळायची पेटी, फसतो तो वरच्या फळीवर, आणि नेमका तिच्याबद्दलच ‘१८ मिमीचा प्लाय घ्या, मजबूत होतो’ हा सल्ला जो तो देत असतो. तो मानून मी बेळगावात पहिली पेटी केली. जॉयस्टिक फळीच्या खालून बसवली, तेव्हा वरच्या गोळ्याखाली जेमतेम बोटभर दांडी उरली. फळी जितके मिलिमीटर जाड, तितके मिलिमीटर दांडी आत बुडते, हा साधा हिशेब मला फळी वाया गेल्यावर कळला.

सगळे सुटे भाग हातात येईपर्यंत करवत उचलू नये. जपानी पद्धतीच्या बटणांना ३० मिमीचे छिद्र लागते, तर अमेरिकी पद्धतीच्या लांब बटणांना सुमारे २८ मिमीचे. दिसायला दोन्ही सारखीच गोल असतात. शिवाय खटक्याने बसणारी बटणे फक्त पातळ पत्र्यात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये धरतात. लाकडी पेटीसाठी आट्यांची आणि खालून नट आवळायची बटणेच घ्यावीत, आणि फळीची जाडी ठरवण्यापूर्वी त्यांच्या आट्यांची लांबी मोजावी.

लाकूड म्हणून एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, मी सुचवणार नाही. ते कापायला सुबक असते, हे मान्य. पण खानापूरकडच्या पावसाळी हवेत त्याच्या कडा ओल पितात आणि फुगतात. अथणीच्या कोरड्या हवेत ते टिकेलही. बाकीच्यांनी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यावा. फर्निचरवाल्याकडे उरलेले तुकडे एवढ्या कामाला पुरतात. बाजूंना १८ मिमी खुशाल वापरावा, तिथे ती मजबुती उपयोगी पडते. पेटीचे माप मी ४०० × २४० मिमी ठेवतो, कारण मांडी घालून खेळताना ती दोन्ही मांड्यांवर नीट टेकते; आत ६० मिमी खोली मिळाली की जॉयस्टिक आणि तारा सुखाने मावतात.

आता वरची फळी. तिला दोन गोष्टी एकदम हव्या असतात: बटणांवर तासन्‌तास आपटणारी बोटे सोसेल एवढी जाडी, आणि जॉयस्टिकपुरता पातळपणा. पुस्तकी उपाय असा की १२ मिमीची फळी घेऊन जॉयस्टिकच्या जागी खालून राउटरने, म्हणजे लाकूड खणायच्या यंत्राने, खाचा खणावा. माझ्याकडे राउटर नव्हता, म्हणून मी पटाशीने खणायला बसलो. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे एका थरात लोण्यासारखी चालणारी पटाशी पुढच्या थरात अडते. मी हातोडी जरा जोराने मारली आणि वरच्या पृष्ठभागाची कपची सुटून नखाएवढे भोक पडले. दुसऱ्या फळीचेही तेच झाले. तिसरी घेऊन बसलो होतो तेव्हा शेजारी काम करणारे सुतारकाका म्हणाले, “खोदत कशाला बसलायसा ओ, दोन पातळ घेऊन चिकटवा की.”

तेव्हापासून मी खणणे सोडले. ६ मिमीचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. खालच्या तुकड्यावर जॉयस्टिक फळीला जोडणारी तिची लोखंडी पट्टी ठेवून, चहूबाजूंनी २ मिमी मोकळीक धरून, पेन्सिलने चौकोन आखावा आणि तो जिगसॉने कापून काढावा. पाते घालायला कोपऱ्यात गिरमिटाने एक भोक पाडावे लागते. (आमच्याकडे चुरमुऱ्यांच्या खाण्यालाही गिरमिट म्हणतात, संध्याकाळी काम करताना गैरसमज होतो.) मग वरचा अखंड तुकडा त्यावर चिकटवला की आयता खाचा तयार होतो, तळ सपाट, खोली नेमकी ६ मिमी.

चिकटवताना घाई करणाऱ्याची फळी पापडासारखी वाकते. फेव्हिकॉल एका तुकड्याला पातळ आणि सगळीकडे सारखा लावावा, खाच्यात उतरलेला लगेच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर वाळल्यावर पट्टी तिरकी बसते. शहाबादी फरशीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून जोड ठेवावा आणि वर भरपूर वजन द्यावे. मी घरातला पाटा आणि चार विटा ठेवतो. उन्हाळ्यात २४ तास पुरतात, जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस हात लावू नये.

जॉयस्टिकच्या पट्टीच्या चार कोपऱ्यांचे एम-४ (४ मिमी जाडीचे) बोल्ट वरून घालावेत आणि त्यांची चपटी डोकी फळीत बुडवून अराल्डाइटने पक्की करावीत. हे काम सनमायका किंवा स्टिकर चिकटवण्याआधीच करायचे. मागाहून आठवले तर नक्षीतून चार बोल्ट डोकावत राहतात. डोकी पक्की असली की पुढे जॉयस्टिक काढायला खालचे नट सोडवले तरी पुरते.

बटणांची आखणी कोणाच्या तरी छापील नकाशावरून उचलण्यापेक्षा कागदावर आपला हात सैल ठेवून बोटांची टोके खुणावावीत. दोन केंद्रांमधले अंतर मात्र बोटांवर सोडू नये, कारण खालचे नट बटणाच्या कडेपेक्षा रुंद असू शकतात. मी ३८ मिमी ठेवतो. नकाशा छापूनच घ्यायचा असेल तर त्यावर १०० मिमीची एक रेघ काढावी आणि छपाई हातात आल्यावर ती पट्टीने मोजावी. एका झेरॉक्सच्या दुकानात माझा ए-३ नकाशा पानात ‘बसवून’ दिला गेला, रेघ ९४ मिमी भरली आणि मी ती छिद्रे पाडून झाल्यावर मोजली.

छिद्रांसाठी ड्रिलला ३० मिमीचा फॉर्स्टनर बिट किंवा होल सॉ (मोठी गोल छिद्रे पाडायची पाती) लावावा. २८ चे पाडून कानशीने वाढवा म्हणणाऱ्याने आठ छिद्रे स्वतः घासून दाखवावीत. खाली टाकाऊ फळी ठेवून मंद गतीने वरून सुरुवात करावी, मधले टोक खाली दिसताच थांबावे, फळी उलटावी आणि उरलेले मागून पाडावे. मग कडेच्या कपच्या उडत नाहीत. जॉयस्टिकच्या दांडीला २४ मिमीचे छिद्र, ते झाकायला वर चकती येतेच.

चौकट जोडावी, मनगट टेकते ती पुढची कड रंध्याने गोल करावी.

तारांचे काम सोपे आहे: प्रत्येक बटणाची एक तार एन्कोडर बोर्डाला (बटण दाबल्याचे संगणकाला कळवणाऱ्या छोट्या सर्किटला), दुसरी सगळ्यांच्या सामाईक ग्राउंडला, उलटसुलट झाली तरी बिघडत नाही. ‘झीरो डिले’ नावाचा तयार एन्कोडर बोर्ड पुरतो. मी आता रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जीपी२०४०-सीई हे कंट्रोलरचे सॉफ्टवेअर घालतो. दांडी वर ढकलली की खालचा स्विच दाबला जातो, म्हणून वर-खाली उलटे आले तर बोर्डाला दोष देण्याआधी त्या दोन तारा बदलून पाहाव्यात.

तळाला २ मिमीचा लोखंडी पत्रा बसवावा. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत पत्रा कापणाऱ्यांची कमतरता नाही. या मापाचा तुकडा सुमारे दीड किलो भरतो, आणि त्या वजनामुळे पेटी टेबलावरून सरकत नाही. कडा कानशीने मारून घ्याव्यात, कोपऱ्यांना खुर्चीच्या पायाचे रबरी बूश लावावेत. पत्रा स्क्रूनेच लावावा, चिकटवू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर एखाद्या बटणाचा नट सैल होतोच आणि तो आवळायला आत हात घालावा लागतो.