‘पेरिमीटर’ला ‘परिमिती’ची जोड: मुलांना इंग्रजी शब्द फोडून शिकवताना

सेमी-इंग्रजीतल्या पाचवी-सहावीच्या मुलाकडून ‘पेरिमीटर’ घोकून घेण्याआधी शेजारी ‘परिमिती’ लिहून दाखवा. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’, भोवती. ‘मीटर’ म्हणजे मिती, माप. ग्रीक आणि लॅटिन संस्कृतच्या नात्यातल्याच भाषा, त्यामुळे निम्मी ओळख मुलाच्या तोंडी आधीच असते.

नाशिकला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. त्र्यंबकमधला ‘त्रि’ ट्रायसिकलमध्ये, पंचवटीतला ‘पंच’ पेंटागॉनमध्ये, सप्तशृंगीतला ‘सप्त’ सप्टेंबरमध्ये. सप्टेंबर तर नववा, असं मूल म्हणेलच. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, तेव्हा तो सातवा होता. ‘नासिका’ आणि सर्दीचा ‘नेझल’ स्प्रे यांचंही नातं आहे. नवश्या गणपतीत मात्र ‘नऊ’ नाहीत, नवस आहे. हे उदाहरण मुद्दाम सांगून ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

आधी वाचन, मग मूळ. मुळांची यादी पाठ करून घेतली तर ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जाते, कारण तिला टेकायला वाक्यच नसतं. रोज १५ मिनिटं मोठ्याने वाचू द्या. १०० शब्दांत ५ पेक्षा जास्त अडत असतील तर पुस्तक बदला. विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून आणलेलं बरं, परत करताना जीव हळहळत नाही.

अडलेल्यांपैकी ३ शब्दच निवडा. १०० पानी वहीत शब्द ज्या वाक्यात सापडला त्या वाक्यासकट उतरवायचा, मग तिरकी रेघ मारून फोडायचा: थर्मो/मीटर. प्रत्येक तुकड्याखाली मराठी: ताप, मापक. अर्थाचा अंदाज लिहून झाल्यावरच शब्दकोश उघडायचा, आणि शेवटी तो अर्थ मूळ वाक्यात बसतो का पाहायचं. ही शेवटची पायरी बहुतेक घरी गळते. एकाच मुळाचे दोन शब्द वाचनात भेटले की त्या मुळाला वहीत वेगळं पान द्या. आठवड्याला दोन मुळं पुरेत.

अडचणी ठरलेल्या आहेत. ‘अनइंटरेस्टिंग’च्या स्पेलिंगमध्ये मुलाला ‘युनि’ दिसतो आणि ते ‘एक’ म्हणतं. इथे ‘अन’ सुटा आहे. नवश्या गणपतीची आठवण करून द्या. पेडलमधला ‘पेड’ लॅटिन, अर्थ पाय, आपल्या ‘पद’चा सोयरा; बालरोगतज्ज्ञाच्या पाटीवरच्या ‘पीडियाट्रिशियन’मधला ग्रीक, अर्थ मूल. दिसायला सारखेच, म्हणून दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका.

मराठी प्रतिशब्दही दर वेळी तुकड्याला तुकडा जुळत नाही. ‘पॉलिगॉन’ कोन मोजतो, ‘बहुभुजाकृती’ बाजू. ‘क्वाड्रिलॅटरल’ बाजू मोजतो, ‘चौकोन’ कोन. गणितात रमणाऱ्या मुलाला ही अदलाबदल फार आवडते, तिथे थोडं रेंगाळा.

उजळणी शनिवारी, न शिकवलेल्या शब्दावर घ्या. ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण आणि ‘थर्मोमीटर’ ही दोन्ही वहीत असतील तर ‘फोटोमीटर’ विचारा. मूल अडलं तर उत्तर सांगू नका. ती दोन पानं शेजारी शेजारी उघडून द्या.