घरी बंपर रंगवताना या चुका टाळा

बंपरचा रंग महिनाभरात पोपडे धरून सुटू लागला, की लोक रंगाच्या डब्याला नावं ठेवतात. चूक बहुतेक वेळा त्याच्या बरीच आधी, तयारीत झालेली असते. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो वाकतो, तापला की पसरतो. पत्र्यावर जे खपून जातं ते इथे खपत नाही.

न धुताच घासायला बसणं

सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. बंपरवर वॅक्स, डांबराचे ठिपके आणि पॉलिशमधलं सिलिकॉन बसलेलं असतं. तसाच पॉलिश पेपर फिरवला, तर हा थर ओरखड्यांत दाबला जातो आणि रंगाचा हात पडताच बारीक गोल खड्डे उमटतात. यालाच पेंटर ‘फिश आय’ म्हणतात. वरून कितीही रंग मारला तरी ते भरत नाहीत. रंग पूर्ण वाळवून, घासून, पुन्हा स्वच्छ करूनच पुढे जावं लागतं.

योग्य क्रम असा: साबणाच्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर एका कापडाने लावा आणि ओला आहे तोवरच दुसऱ्या कोऱ्या कापडाने टिपून घ्या. तो जागेवर सुकला, तर सुटलेला मळ परत तिथेच चिकटतो. घासून झाल्यावर हेच पुन्हा करा. रिमूव्हरऐवजी पेट्रोल किंवा जहाल थिनर वापरू नका. काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं. नवा, न रंगवलेला बंपरही स्वच्छ समजू नका. साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश त्यावर असू शकतो.

उघड्या प्लॅस्टिकवर थेट प्रायमर

बंपरच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो. तिथे ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) दिसलं, तर त्यावर साधा प्रायमर नीट धरत नाही. आधी प्लॅस्टिकसाठीच्या अॅडहिजन प्रमोटरचे (प्रायमर चिकटून बसावा म्हणून लावायचा द्रव) एक-दोन अगदी पातळ हात द्या, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि न घासता प्रायमर मारा. घट्ट बसलेल्या जुन्या रंगावर त्याची गरज नसते. मात्र कडांना घासताना प्लॅस्टिक जरासं उघडं पडतं आणि तेवढंच राहून जातं. पोपडे तिथूनच सुरू होतात.

खोल ओरखड्यांत पत्र्याची पुट्टी भरू नका. बंपर वाकला की ती तडकते. प्लॅस्टिकसाठी लवचीक पुट्टी वेगळी मिळते.

पेपरचे नंबर गाळणं

पुट्टीला आकार द्यायला 180, कडा उतरवायला 320, प्रायमरआधी 400 ते 500, आणि प्रायमर वाळल्यावर पाण्यासोबत 800. मधला नंबर गाळला, तर आज गुळगुळीत दिसणाऱ्या रंगातून काही दिवसांनी ओरखडे वर येतात, कारण प्रायमर सुकताना आक्रसतो. मशीनने जोर लावून घासलं की प्लॅस्टिक तापून त्याची लव उभी राहते. शेवटचा हात हातानेच फिरवा.

एका हातात झाकायची घाई

स्प्रेच्या डब्यातली गोळी वाजू लागल्यावर पुढे दोन मिनिटं डबा हलवा. नोझल 20 ते 25 सेंटिमीटरवर धरा, फवारा बंपरच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिल्या हातात खालचा रंग दिसणारच, दिसू द्या. तीन पातळ हात, मध्ये साधारण 10 मिनिटं.

जाड हात मारला की ओघळ येतात, शिवाय आत अडकलेला थिनर फोड बनून वर येतो. नोझल फार लांब धरली, तर रंग हवेतच सुकून पृष्ठभाग खरबरीत होतो. दमट हवेत दुधाळ झाक येते, म्हणून पावसाळी दिवस टाळा. 18 ते 25 अंश तापमान उत्तम. ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. पक्का वाळल्यावर ठोकळ्यावर 1000 नंबरचा वॉटर पेपर लावून उतरवा.

मेटॅलिक रंग असेल, तर बंपर गाडीवर बसतो तसा उभा टांगून रंगवा. आडवा रंगवला, तर त्यातले चकाकणारे कण वेगळे बसतात आणि बोनेटशेजारी छटा वेगळी दिसते. छटा तपासताना नमुन्याच्या तुकड्यावर क्लिअर कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारा.

क्लिअर कोट आणि मास्क

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं आणि कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. पुरेशा दर्जाचा रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांची सोय नसेल, तर वन-के, म्हणजे बिनहार्डनरचा, वापरा; मोकळी हवा मात्र त्यालाही हवीच. तो टू-केइतका टिकाऊ नसतो आणि पेट्रोललाही कमी टिकतो.

पार्किंग सेन्सर काढून ठेवा किंवा झाका. बंपरमागे रडार असेल, तर त्या भागावर पुट्टी भरू नका आणि रंगाचे जादा थर चढवण्याआधी गाडीच्या कंपनीच्या सूचना वाचा.

क्लिअर वाळल्यावर बंपर किमान एक दिवस तसाच ठेवून मग बसवा. प्रेशर वॉशर काही आठवडे नको, आणि वॅक्स महिन्याभरानंतर.