चटई अंथरण्याआधी

जून जवळ आला की 21 तारखेच्या योगदिनाचं वारं सुटतं आणि ओळखीतली दोन-चार माणसं तरी "यंदा सुरू करायचंच" म्हणत माझ्याकडे येतात. हा दिवस 2015पासून साजरा होतो आहे आणि येणारी माणसं बहुतेक दरवर्षी तीच असतात. आसनं कुठली करायची हे सगळे विचारतात. चटई सुकवायची कुठे, हे कुणी विचारत नाही, आणि गोव्यात जूनमध्ये खरा प्रश्न तोच असतो.

आधी स्वतःच्या शरीराची चौकशी उरका. रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मणक्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यालाही सांगून ठेवा. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली, पाय वर अशा आसनांच्या वाटेला जाऊ नका. जोरजोरात कपालभातीही नको.

मग जागा. आडवं पडून हात डोक्यामागे ताणले तरी कशाला लागणार नाहीत एवढी लांबी हवी आणि शेजारी एक मोकळी भिंत हवी. जुन्या घरात राजांगणाच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, कडेची पडवी किंवा सोपा असेल तर प्रश्नच मिटला. फ्लॅटमध्ये मी सुरुवातीला हॉलमधला टीपॉय रोज सरकवत असे. आठ दिवसांत तो टीपॉयच माझी सबब झाला. जिथलं काही हलवावं लागत नाही ती जागा निवडा, मग ती कपाटासमोरची का असेना.

चटई 4 ते 6 मिलिमीटर जाडीची पुरे. गादीसारखी जाड घेतलीत तर वृक्षासनात पाय डुगडुगतो. आपल्याकडे मार्चपासूनच इतका घाम येतो की अधोमुख श्वानासनात तळवे हळूहळू पुढे सरकू लागतात, म्हणून चटईवर पातळ सुती सतरंजी घाला. आता पावसाचं. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात ओलसर चटई गुंडाळून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. माझी पहिली चटई मी जुलैत कपाटामागे उभी केली होती. ऑगस्टमध्ये उलगडली तेव्हा तिच्यावर करडे ठिपके आणि ओल्या गोणपाटाचा वास. शवासनात नाक नेमकं तिच्याजवळ! तेव्हापासून नियम असा: झालं की ओल्या फडक्यानं पुसायची, पंख्याखाली दोरीवर टाकायची, पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळायची नाही, आणि ऊन पडलं की पापडांआधी तिला बाहेर काढायची.

बाकी खरेदी काही नाही. पट्ट्याच्या जागी जुना पंचा, ठोकळ्याच्या जागी दोन जाड पुस्तकं, आणि एक न हलणारी खुर्ची. आधार घेण्यात कमीपणा मानू नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरूनच कितीतरी ताठर माणसांना आसनात बसवलं.

वेळ ठरवताना घरातल्यांना विचारून ठरवा. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य सातशिवाय तोंड दाखवत नाही, तेव्हा उन्हाळ्यातली वेळ थंडीत टिकत नाही हे धरून चाला. पोट रिकामं हवं: जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटानंतर तासभर. माझं घड्याळ म्हणजे पोदेर, दारोदार पाव विकणारा. त्याचा भोंगा वाजायच्या आत शवासन संपलं नाही तर डोळे मिटलेले राहतात, पण मन पावांच्या टोपलीपाशी जातं.

शिक्षक शोधाच, निदान पहिले दोन महिने. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावरचे वर्ग पर्यटकांच्या हंगामासाठी, बरेचसे इंग्रजीत. मजा म्हणून एकदा जायला हरकत नाही. रोजच्याला गावातल्या देवळाच्या अग्रशाळेतला (भाविकांच्या उतरण्याच्या जागेतला) किंवा पंचायतीच्या सभागृहातला वर्ग बरा, कारण तिथे खाडा केलात तर शेजारीण विचारते. मात्र जो पहिल्या दिवशी तुमची दुखणी विचारत नाही, किंवा न सांगता पाठीवर दाब देतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पहिले पंधरा दिवस वीस मिनिटं, आठवड्यातून चारदा. ताडासन, भिंतीला हात लावून वृक्षासन, मार्जारासन, भुजंगासन, वक्रासन, पवनमुक्तासन, श्वास न रोखता अनुलोम-विलोम, आणि पाच मिनिटं शवासन. शीर्षासनाचं नावही काढू नका. सूर्यनमस्कार पुढे दोन-दोनने वाढवा. मी पहिल्याच सकाळी मोबाइलवर बघून बारा घातले आणि पुढचे तीन आठवडे जिना कठड्याला धरून उतरले.

आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तयारी आत्ताच करून ठेवा. दीड दिवस असो की सात, मूळ घरी गेल्यावर चटईच्या जागेवर कुणाचं तरी पोर झोपलेलं असतं, वर गणपतीपुढे टांगलेली फळाफुलांची माटोळी, खाली आतेभावंडं, ताटात नेवऱ्या, म्हणजे करंज्या. गोव्यातल्या बहुतेकांचा योग इथेच सुटतो, आणि तो आळसानं नाही, शरमेनं: इतके दिवस बुडाले, आता काय तोंड दाखवायचं. म्हणून तिथलं काम आधीच ठरवा. सगळे उठायच्या आत मागच्या दारी उभ्या उभ्या ताडासन, भिंतीला तळवे टेकून कमरेतून थोडं वाकणं, दहा सावकाश श्वास. एवढं केलंत की भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खुणेशेजारी पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं. घरी परतल्यावर पहिल्या दिवशी निम्मंच करा. डब्यातल्या उरलेल्या नेवऱ्या चटई दोरीवर टाकून झाल्यावर खा.